गुलाबी गहू

जबलपूरहून पाटनला जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या थोडं अलीकडे, आमच्या सहकारी संस्थेचं बियाण्याचं शेड आहे. मी तिथे बरीच वर्षं काम करते. बियाणं तपासायचं, पोत्यांवरच्या चिठ्ठ्या बघायच्या, बियाण्याला औषध लावताना नियम पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवायचं, हे माझं काम. दिवाळीच्या आगेमागे गव्हाच्या पेरणीची घाई सुरू झाली की शेडमधला मोठा ड्रम दिवसभर फिरत असतो. एका बाजूने साधा गहू आत जातो, त्यावर औषध पडतं आणि दुसऱ्या बाजूने तोच गहू गुलाबी होऊन बाहेर येतो. छताला मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे आहेत. अकराच्या सुमारास त्यांतून ऊन खाली उतरलं की त्या उन्हात गुलाबी धूळ तरंगताना दिसते. ती इतकी हळू हलते की खाली येते आहे की वर चालली आहे ते कळत नाही. हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मी कितीतरी वेळा त्या उजेडाकडे बघत उभी राहिले आहे. ती श्वासात जाऊ नये म्हणूनच तर तोंडावर मास्क असायचा, तरी तिच्यावरून नजर हलत नसे.

औषध बुरशीसाठी असतं आणि रंग माणसांसाठी. दाणा नुसता डोळ्यांना दिसला तरी कळावं की हा खायचा नाही, दळायचा नाही, जनावरांपुढे टाकायचा नाही, म्हणून तो रंग. पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, खाली लाल अक्षरांत इशारा असतो आणि कोपऱ्यात कवटीचं चित्र. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी शेडमधल्या बायकांना समोर बसवून सगळे नियम वाचून दाखवायची. हातमोजे घाला. जेवणाआधी साबणाने हात धुवा. रिकामी पोती घरी नेऊ नका. उरलेलं बियाणं धान्याजवळ ठेवू नका. औषधाचं पाणी नदीत, तलावात जाऊ देऊ नका. त्या माना हलवायच्या, मी वहीत सह्या घ्यायची, आणि माझं काम झालं असं मला वाटायचं.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. आजोबा नागपूरकडून जबलपूरला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला आले आणि इथलेच झाले. बाबाही त्याच कारखान्यात लागले. आयुष्यभर त्यांनी लाकडी पेट्यांवर खुणा उमटवल्या. पत्र्यात कापलेला साचा पेटीवर धरायचा आणि वरून काळा किंवा लाल रंग फिरवायचा. कुठली बाजू वर, कुठली पेटी आगीपासून दूर, कुठली आपटायची नाही. निवृत्त होऊन आता इतकी वर्षं झाली, तरी त्यांना त्या पेट्या कधी कधी दुपारच्या झोपेत दिसतात. जबलपुरातल्या चेरीतालच्या आमच्या घरात पुढच्या खोलीला एक रुंद खिडकी आहे. तिच्याशी खुर्ची लावून ते बसलेले असतात. संध्याकाळी मी परतले की माझ्या कपाळाच्या कडेला, केसांच्या मुळाशी राहिलेला रंग त्यांना आधी दिसतो.

"आलीस का होळी खेळून?" ते म्हणतात. "जाय, धून ये आधी. मग चहा."

हे मी सांगते आहे ते काही वर्षांपूर्वीचं. पेरण्या जवळजवळ आटपल्या होत्या. बरगीच्या धरणामागे पाण्याच्या काठाकाठाने जी गावं आहेत त्यांतल्या एका गावात आमचं बियाणं गेलं होतं आणि ते कसं उगवलं हे बघायला मला जायचं होतं. गावोगाव फिरणारे संस्थेचे एक फील्डवाले आहेत, सगळे त्यांना भैयाच म्हणतात. त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून मी सकाळी निघाले. धुकं दाट होतं. रस्ता समोरून यायचा आणि चाकाखाली नाहीसा व्हायचा. पाण्याजवळ पोचलो तेव्हा पाणी कुठे सुरू होतं आणि धुकं कुठे संपतं ते दिसत नव्हतं. एक होडी हवेत टांगल्यासारखी दिसली आणि मग त्या होडीतल्या माणसाने जाळं टाकलं तेव्हा खाली पाणी असल्याचा आवाज आला. मला वाटलं, मी अजून घरीच झोपलेली आहे.

काठावरच्या एका घराच्या अंगणात खाटेवर साडी पसरली होती आणि साडीवर गहू वाळत घातला होता. शेजारी एक बाई उकिडवी बसून हाताने दाणे सारखे करत होती. माझ्याच वयाची असावी, पण मला ती जिज्जी म्हणाली. तिकडे मोठ्या बहिणीला जिज्जी म्हणतात. होडीतला माणूस तिचा नवरा होता. भैयांना ती ओळखत होती. तिने आम्हाला बसायला पाटी उलटी घालून दिली आणि चहा टाकायला उठली. उठताना तिचे तळहात मला दिसले. मेंदी फिकी होत आल्यावर राहते तसा गुलाबी रंग रेषारेषांत बसला होता.

मी पुन्हा खाटेवरच्या गव्हाकडे बघितलं. साधा, पिवळसर, स्वच्छ गहू. पण दाण्याच्या मधल्या चिरेत, बारकाईने बघितलं तर, गुलाबीची एक रेघ उरली होती.

"हा गहू कुठला?" मी विचारलं.

"तुमचाच," ती म्हणाली. तिचं बोलणं तिच्या बोलीतलं, मी मराठीत लिहिते आहे. "पेरून अर्धं पोतं राहिलं. टाकून कसा द्यायचा. तीनदा धुतला, काठावर बसून. रंग तो उतर गओ, जिज्जी. उद्या चक्कीवर देईन."

भैया माझ्याकडे बघायला लागले. मला आठवतं, त्या वेळी माझ्या मनात एकच गोष्ट आली. रंग असता तर निदान कोणीतरी थबकलं असतं. तिने मन लावून, कंबर मोडेपर्यंत धुऊन, नेमकी तीच खूण पुसली होती. आता तो गहू कोणाच्याही गव्हासारखा दिसत होता.

मी तिला सांगितलं की औषध पाण्याने पुरतं जात नाही, हा गहू दळायचा नाही. ती ऐकत राहिली आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "रंग तुम्ही लावला. मी काढला. आता त्यात काय राहिलं?"

औषधाचं नाव सांगून काय होणार होतं. मी विचारलं, "यातलं कोणी काही खाल्लं का?"

"नाही. कोंबड्यांनी वेचले असतील. पेरणीच्या दिवशी पोतं फुटकं होतं, अंगणभर सांडले होते."

"कोंबड्या ठीक आहेत?"

ती आत गेली आणि पदरात काहीतरी घेऊन आली. तिने ते माझ्या तळहातावर ठेवलं. ते अंडं होतं, पण त्याला कवच नव्हतं. नुसत्या पातळ पापुद्र्यात भरलेलं, कोमट, हलणारं. धुक्याच्या उजेडात त्याच्या आतला पिवळा गोळा मावळत्या सूर्यासारखा दिसत होता. मी ते इतकं हळू धरलं होतं की माझा हात माझा राहिला नव्हता. ते सुंदर होतं, हे मला आजही कबूल करावं लागतं.

"चार दिवस झाले, अशीच अंडी देतात," ती म्हणाली. "आणि एक लंगडते. मी म्हटलं, नजर लागली. मिरच्या ओवाळल्या. ही अंडी खाल्ली नाहीत, पुरून टाकते."

मला माहीत होतं. त्या औषधाने कोंबड्या अशीच अंडी देतात आणि त्यांचे पाय जातात, हे मी प्रशिक्षणात ऐकलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. पण वहीतलं वाक्य असं हातात येऊन हलेल असं कधी वाटलं नव्हतं. मी तिला सांगितलं, "नजर नाही. त्या गव्हामुळे आहे."

तिने अंड्याकडे बघितलं, खाटेकडे बघितलं. मग साडीची चारही टोकं एकत्र घेऊन तिने गव्हाची गाठ बांधली आणि अंगणाच्या मध्यभागी, सगळ्यांपासून दूर, नेऊन ठेवली. मी तिला साबणाने हात धुवायला लावले आणि तिच्याबरोबर मीही धुतले. त्या पाण्याला काठाकडे जाऊ द्यायचं नाही, हे सांगताना मला आठवलं की तीनदा धुतलेलं पाणी आधीच त्या काठाने गेलं आहे. तिचा नवरा अजून धुक्यात जाळं ओढत होता. तिलाही तेच आठवलं असावं. तिने तिकडे एकदा बघितलं आणि मग चहा गाळायला घेतला.

चहा पिताना मी तिला पोतं दाखवायला सांगितलं. ते घरात होतं, धुऊन घडी घातलेलं. चिठ्ठी अजून शिवलेलीच होती. तिला वाचता येत नव्हतं, तिच्या नवऱ्यालाही नाही. मी कवटीवर बोट ठेवलं.

"हे काय आहे ते माहीत आहे?"

"हे तर विजेच्या खांबावर असतं," ती म्हणाली. "आणि ट्रकच्या मागे. ट्रकला नजर लागू नये म्हणून लावतात. मला वाटलं, बियाण्याला नजर लागू नये म्हणून असेल."

भैया हसले, मग त्यांनाच बरं वाटलं नाही आणि त्यांनी कप खाली ठेवला.

"मग काय बघितलं असतंस म्हणजे तू थांबली असतीस?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

धुकं तोपर्यंत पातळ झालं होतं आणि पाण्याच्या मधोमध एक बेट दिसायला लागलं होतं, पूर्वीच्या कुठल्या तरी टेकडीचा माथा. तिने चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला आणि अंगणाच्या सारवलेल्या जमिनीवर एक कमान काढली. तिच्याखाली तीन गोळे.

"तवा," ती म्हणाली. "चुलीवर उलटा. घरात कोणी गेलं की आम्ही तवा उलटा घालतो. त्या दिवशी पोळी होत नाही. उलटा तवा बघितला असता तर मी दाण्याला हात नसता लावला."

त्या गव्हाचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. पुरून टाका, असं नियम सांगतो. पण तिच्यापाशी तेवढाच दाणा होता आणि मला तो पुरायला सांगायची हिंमत झाली नाही. हिवाळ्यात धरणाचं पाणी मागे सरतं आणि काठाची जमीन उघडी पडते. ती ओलसर काळी जमीन लोक उशिरा पेरतात. मी म्हटलं, "थोडे दाणे मला दे. शेडमध्ये ओल्या कागदावर ठेवून बघते. उगवले तर तू ते वर, पाण्यापासून दूरच्या पट्ट्यात पेर. पण फेकून पेरायचं नाही. तास काढून मातीखाली झाकायचं. एकही दाणा वर दिसता कामा नये." तिने मूठभर दाणे चिंधीत बांधून दिले.

दाणे उगवले. धुतल्याने थोडे गेले होते, पण बहुतेकांना पांढरी मुळं फुटली. भैयांच्या हाती निरोप पाठवला. खायला मात्र तिच्याकडे काही नव्हतं, म्हणून मी मॅनेजर साहेबांकडे गेले. चाळणीवर जो बारीक गहू वेगळा पडतो त्याला औषध लागलेलं नसतं, तो साधा असतो. त्यातलं अर्धं पोतं तिला द्या, असं मी म्हटलं.

"मॅडम, हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले.

"तिने धुऊन खाल्ला असता तर तेही नियमात बसलं नसतं."

दुपारी भैयांच्या मोटरसायकलला एक पोतं बांधलेलं मला दिसलं. त्यावर साहेबांनी स्वतःच्या हाताने पेनने लिहिलं होतं, खाने का गेहूं. ते पोतं वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात जाणार आहे हे त्यांना ठाऊक होतं, तरीही लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. ते खिडकीशी बसले होते, ऐकता ऐकता डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग ते म्हणाले, "कागद आण."

त्यांचे हात थरथरतात. पेन्सिलीची रेघ सरळ जात नाही. तरी त्यांनी कमान काढली, तीन दगड काढले. कागद लांब धरला, जवळ धरला.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं.

"उलटा तवा."

"तुले मालूम आहे म्हणून. बाहेरच्याले दाखव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाली आली तेव्हा मी तिला कागद दाखवला. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "छाता है, दीदी." बाबा आतून ऐकत होते. मी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता. कामाला लागलेल्या माणसाचा चेहरा होता तो, मी तो लहानपणी बघितला होता आणि विसरून गेले होते.

पुढचा महिना आमच्या पुढच्या खोलीत कागदच कागद होते. चूल नीट दिसावी म्हणून बाबांनी लाकडं काढली. पोळी काढली आणि तिच्यावर फुली मारली. मग फुली काढून टाकली, कारण फुली म्हणजे काय हेही शिकवावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. दुपारी मी घरी असले की ते बोलता बोलता कारखान्यात जाऊन पोचायचे. "त्या पेट्या कुठं जायच्या, मले कधी कळलं नाही," एकदा म्हणाले. "मी खूण मारायचो अन् गाडी निघून जायची. उघडणारा माणूस कसा असेल, काय समजत असेल, कोण जाणे." ते खिडकीतून बाहेर बघत होते आणि बाहेर चेरीतालची नेहमीची गल्ली होती, पण मला वाटलं त्यांना तिथे दुसरंच काही दिसून राहिलं आहे.

शेवटी ठरलेलं चित्र घेऊन मी बरगीला गेले. बाईने कागद हातात घेतला आणि लगेच ओळखलं. मग म्हणाली, "दांडा कशाला काढला? आमच्या तव्याला दांडा नसतो." मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारला. "काहून सुचलं नाही मले," ते म्हणत राहिले. दांडा गेला. मग त्यांनी एका जुन्या डब्याचा पत्रा सपाट करून साचा कापायला घेतला. कापताना पत्रा मी धरायची, कारण त्यांचा हात हलला तर बोटावर यायचं. दोन पत्रे वाया गेले. तिसरा जमला. त्याच्या कडा त्यांनी दोन दिवस घासल्या. मी म्हटलं, बाबा, पुरे आता. तर म्हणाले, "ज्या बायका हे धरतील त्यांची बोटं कापतील नं."

मॅनेजर साहेबांनी साचा उलटसुलट करून बघितला. "कायद्याची चिठ्ठी जशीच्या तशी राहील," ते म्हणाले. "तिच्यातलं एक अक्षर हलणार नाही. बाजूला पोत्यावर काय उमटवायचं ते उमटवा." पुढच्या हंगामात शेडमधल्या बायका पोतं भरलं की साचा ठेवून लाल रंग फिरवायच्या. मला आता त्यांना नियम वाचून दाखवावे लागले नाहीत. चित्र कशाचं आहे हे त्यांनी एकमेकींना सांगितलं आणि त्यातून बाकीचंही बोलणं निघालं. हात का धुवायचे, घरी पोतं नेऊन त्यात काय भरलं होतं, कोणाच्या अंगाला खाज सुटली होती. इतकी वर्षं त्या माझ्यासमोर सह्या करत होत्या आणि यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मी ड्रमच्या पलीकडे उभी राहून ऐकत होते. उन्हात ती धूळ तशीच तरंगत होती आणि त्यांचे आवाज तिच्यातून येत होते.

पोती गावोगाव गेली आणि आठवड्याभरात तीन परत आली.

पहिलं आणणारा शेतकरी चांगला वयस्क, धोतर नेसलेला, नम्र माणूस होता. तो पोतं आत आणायला तयार नव्हता. फाटकाशीच ठेवलं होतं त्याने. "पेरणीचा दिवस आहे, साहेब," तो म्हणाला. "शुभ काम. आणि तुम्ही घरात सुतकाची खूण पाठवली. माझ्या घरची बाई हे पोतं ओसरीवर घेऊ देत नाही." बाकीच्या दोघांचं म्हणणंही तेच होतं. साहेबांनी त्यांना बिनचित्राची पोती दिली आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावले नाहीत, थकले होते. "मॅडम, बियाणं विकलं गेलं पाहिजे," एवढंच म्हणाले.

मी त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना सांगितलं. वाटलं होतं की त्यांना लागेल. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"घाबरला तो?" त्यांनी विचारलं.

"हो. पोतं हातात धरेना."

"खरंच?"

"खरंच, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि मग हसू दाबत चहा प्यायला लागले. "इतकी वर्षं मी खुणा मारल्या," ते म्हणाले. "माझ्या पेटीले कोणी घाबरलं होतं की नाही, ते मले आजपर्यंत मालूम नाही."

मार्ग बरगीच्या बाईनेच सुचवला. भैया तिला भेटले तेव्हा त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, पेरणीआधी ते कशाला दाखवता. पेरून झाल्यावर जे उरतं त्याचीच भीती आहे. मग आम्ही साचा पोत्यावर मारणं बंद केलं. प्रत्येक पोत्याबरोबर एक छोटी कापडी पिशवी द्यायला लागलो, पांढरी, नाडीची, उरलेलं बियाणं ठेवायला. चित्र त्या पिशवीवर होतं. पेरणीच्या दिवशी ती घडी घातलेली असायची, कोणाच्या नजरेस पडायची नाही. उरलेलं बियाणं त्यात भरलं की चित्र वर यायचं आणि तेव्हा ते घरात असणं योग्यच होतं, कारण त्यातलं कोणी खायचं नव्हतं. संस्थेत परत करा म्हणजे आम्ही बघू, असंही सांगितलं. काही पिशव्या भरून परत आल्या. काहींचं काय झालं मला माहीत नाही. एका गावात एका पिशवीत बटाटे भरून बाजारात आलेले भैयांनी बघितले. ते त्यांनी नाडी सोडून दुसऱ्या पिशवीत ओतले, आणि बटाटे धुऊन सालं काढूनच वापरा असं त्या माणसाला बजावलं.

पहिल्या वर्षी जो धुतलेला गहू तिने पेरला होता, तो मी एकदाच बघितला, फेब्रुवारीच्या शेवटी. पाणी खूप मागे गेलं होतं. आधी जिथे होडी होती तिथे उतरंडीवर हिरवा पट्टा होता, वाऱ्याने एका बाजूला झुकलेला. ती मला त्या पट्ट्यातून चालवत घेऊन गेली. या मातीखाली धरणात बुडालेलं आमचं जुनं गाव होतं, असं तिने सहज सांगितलं. तिच्या सासूचं घर कुठे असावं, चिंचेचं झाड कुठे असावं, ते ती हाताने दाखवत होती आणि मला ते सगळं दिसतं आहे असं वाटत होतं, गव्हाच्या आतून, हिरव्या उजेडात. मी विचारलं, या गव्हाचं पीक खाता येईल की नाही, अशी शंका आहे का तुला. ती म्हणाली, "तूच सांग." मी सांगितलं की नव्या दाण्यात काही उरत नाही, खुशाल खा. तिने माझ्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग मान डोलावली. लंगडणारी कोंबडी मेली होती. बाकीच्या नीट अंडी द्यायला लागल्या होत्या.

आता पेरणीच्या हंगामात भैया गावोगाव जातात तेव्हा तिलाही बरोबर नेतात. ती बायकांमध्ये बसते आणि कवच नसलेल्या अंड्याबद्दल सांगते. मी एकदा ऐकलं. ती औषधाचं नाव घेत नाही, नियम सांगत नाही. फक्त तळहात पुढे करते, वाटीसारखा, आणि समोरच्या बायका त्या रिकाम्या हाताकडे बघत राहतात.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. त्या वेळी मी बसमध्ये होते, डोळा लागला होता. ती म्हणाली की तिकडे कोणीतरी बाहेरून मटारचं बियाणं आणलं आहे आणि ते निळं आहे. गुलाबी नाही म्हणून लोकांना वाटतंय की त्याला औषध नाही. "नीलो है, जिज्जी. जाको का करें?"

मी तिला सांगितलं की रंग कुठलाही असू शकतो, निळा, हिरवा, लाल, कंपनीप्रमाणे बदलतो. दाण्याचा आपला रंग नसला की समजायचं, औषध आहे. आणि खायचं नाही. तिच्या मागे पाण्याचा आवाज येत होता, की माझ्या बसच्या खिडकीचा, कोण जाणे.

"मग मी सगळ्यांना पुन्हा सांगते," ती म्हणाली. "मी त्यांना गुलाबीच सांगून ठेवलं होतं."

"मीही तुला गुलाबीच सांगितलं होतं," मी म्हटलं.

ती उद्याच निघते म्हणाली, आधी पलीकडच्या गावात, मग होडीने पुढे. मी भैयांना फोन लावून तिच्याबरोबर जायला सांगितलं.